बारगीर पायदळ : एका ऐतिहासिक संगणक-खेळाचे चाहत्यांनी केलेले संस्करण आणि त्याची पाठचिकित्सा

१

ग्रंथ लिहून झाला म्हणजे तो पूर्ण झाला, ही समजूत छापखान्याने आपल्या अंगवळणी पाडली आहे. हस्तलिखितांच्या काळात अशी स्थिती नव्हती. पोथी उतरवून घेणारा हा तिचा वाचक असे, शुद्धिकार असे आणि पुष्कळदा स्वतःच्याही नकळत सहकर्ता असे. कृष्णाजी अनंत सभासदाने इ. स. १६९७ मध्ये राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्र लिहिले. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने मल्हार रामराव चिटणीसाने तोच विषय सात प्रकरणांत पुन्हा मांडला. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी मिसळू नये, असे कडक शब्दांत बजावून ठेवले. असे बजावावे लागले यावरूनच ही मिसळण्याची सवय किती सार्वत्रिक होती, हे कळून येते.

छपाईने ही सवय मोडली असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती एका निराळ्या माध्यमात, आणि ज्याकडे मराठी विभागांचे सहसा लक्ष जात नाही अशा माध्यमात, जोमाने चालू आहे. ऐतिहासिक डावपेचांच्या संगणक-खेळांत मूळ खेळ बाजारात आल्यानंतर काही वर्षांत त्याचे जाणते खेळाडू तो उघडून बघतात, त्यातील चुका शोधतात, सैन्याची नावे, संख्या, शस्त्रांचे पल्ले, शत्रूचे वर्तन हे सारे बदलतात आणि बदललेला खेळ इतरांना विनामूल्य वाटतात. खेळाडूंच्या भाषेत याला 'मॉड' म्हणतात. एखाद-दुसरा तपशील बदलणारे मॉड असंख्य आहेत. परंतु काही मॉड संपूर्ण खेळाचीच फेरमांडणी करतात. प्रस्तुत लेखात त्यांना 'आमूलाग्र संस्करण' म्हटले आहे. अशा संस्करणाचा विचार पाठचिकित्सेच्या परिभाषेत करता येतो काय, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या बाबतीत त्यातून काय हाती लागते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

'संस्करण' हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. अशा खेळांची बरीचशी सामग्री तक्त्यांच्या स्वरूपात मोठ्या गठ्ठ्यांत बांधलेली असते : अमुक पलटणीत किती माणसे, बंदुकीचा पल्ला किती, मनोधैर्य किती, नाव काय. संस्कर्ता मूळ गठ्ठ्याला सहसा हात लावत नाही. तो त्याच नावाचा आपला तक्ता तयार करून वर ठेवतो, आणि खेळ सुरू होताना वरचा तक्ता वाचला जातो. मूळ पाठ खाली जसाच्या तसा शाबूत असतो. वरचा काढून घेतला की तो पुन्हा दिसू लागतो. खोडून त्याच जागी लिहिणाऱ्या नकलनवीसापेक्षा ही रीत भाष्यकाराला अधिक जवळची आहे. फरक इतकाच की, भाष्य वाचताना मूळ आणि टीका एकाच पानावर दिसतात. येथे खेळणाऱ्याच्या समोर फक्त टीका येते आणि तो तिलाच मूळ समजतो.

२

या परंपरेतील दोन उदाहरणे आधी थोडक्यात पाहू, म्हणजे मुख्य उदाहरणाकडे जाणे सोपे होईल.

'रोम : टोटल वॉर' हा खेळ २००४ मध्ये आला. त्यातील इजिप्तची सेना टॉलेमी राजांच्या काळातील ग्रीक वळणाची न दाखवता, त्याच्या कितीतरी शतके आधीच्या फेरोंच्या काळासारखी दाखविली होती. पेशव्यांच्या फौजेला सातवाहनांच्या शिल्पांतील वेश चढवावा, त्यातलाच हा प्रकार. या व अशा कालविपर्यासांवर चाहत्यांनी कठोर टीका केली आणि टीकेवर न थांबता 'रोम : टोटल रिअॅलिझम' व 'युरोपा बार्बारोरम' ही दोन मोठी संस्करणे सिद्ध केली. दुसऱ्याच्या नावाचा अर्थच 'रानट्यांचा युरोप' असा आहे. ज्यांना रोमन लेखकांनी आणि त्यांच्या मागोमाग खेळाच्या निर्मात्यांनी एका ठोकळ्यात बसवले, त्या केल्टिक, जर्मानिक, थ्रेशियन लोकांना त्यांच्या त्यांच्या भाषेतील नावे परत देणे, हा या संस्करणाचा मुख्य उद्योग होता. जिथे प्राचीन भाषेचा लेखी पुरावा नाही तिथे भाषाशास्त्रज्ञांच्या पुनर्रचित रूपांचा आधार घेऊन नावे बनविण्यात आली. भाषेच्या अभ्यासकाला याचे अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही. पगार नाही, पदवी नाही, आणि तरी एका सैनिकाच्या नावासाठी माणसे व्युत्पत्तीवर रात्री घालवतात.

दुसरे उदाहरण 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागाचे. मूळ खेळ १९९९ चा. २०१२ मध्ये काही चाहत्यांनी त्याला 'फर्गॉटन एम्पायर्स' नावाची जोड दिली आणि नव्या संस्कृतींबरोबर 'इंडियन्स' नावाची एक संस्कृतीही त्यात आणली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ही जोड काही फेरफारांसह अधिकृत विस्तार म्हणून प्रसिद्ध झाली. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर प्रक्षेपाला मूळ ग्रंथात मानाचे पान मिळाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वि. स. सुकथनकरांनी जे नियम घातले, त्यांच्या आधारे पाहिले तर प्रक्षेप ओळखून तळटीपेत उतरवावयाचा असतो. येथे ग्रंथाचा मालकच प्रक्षेप विकत घेऊन संहितेत बसवतो. २०२२ मध्ये आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्ताराने त्या एका 'इंडियन्स'च्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी चार नावे आणली. सबंध उपखंडाला एकच नाव पुरेसे आहे हे चाहत्यांचे गृहीत दहा वर्षांनी दुरुस्त झाले. पण मराठे या चौघांतही नाहीत. त्या खेळाचा काळ मुख्यतः मध्ययुगाचा आहे हे लक्षात घेता त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

३

मराठे ज्या खेळात स्वतःच्या नावाने येतात तो म्हणजे 'एम्पायर : टोटल वॉर'. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने तो तयार केला आणि सेगाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. काळ अठरावे शतक, आरंभ १७०० पासून. खेळणाऱ्याला ज्या सत्ता हाती घेता येतात त्यांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, ऑस्ट्रिया यांच्या बरोबरीने 'मराठा कॉन्फेडरसी' आहे. मोगल बादशाही नकाशावर आहे, पण ती खेळणाऱ्यासाठी नाही. ती प्रतिपक्ष आहे. मराठी वाचकाला सुखावणारी ही गोष्ट आहे, हे मान्य करून पुढे जावे.

या खेळाच्या संस्करणांत सर्वांत प्रसिद्ध झालेले 'डार्थमॉड'. निक थोमादिस या ग्रीक चाहत्याने ते आरंभिले, इतरांनी केलेली लहानमोठी कामे त्यात सामावून घेतली आणि एकामागून एक आवृत्त्या काढीत आठव्या, 'प्लॅटिनम' आवृत्तीपर्यंत नेले. पुढे थोमादिस यांनी स्वतःची संस्था उभारून २०१४ मध्ये अमेरिकन यादवी युद्धावरचा एक स्वतंत्र खेळही काढला. म्हणजे नकलनवीस अखेर ग्रंथकार झाला. डार्थमॉडने पलटणींतील माणसे वाढविली, बंदुकांची अचूकता आणि पुन्हा भरण्याचा वेळ बदलला, सैनिक केव्हा डगमगतात व केव्हा पळतात याची गणिते नव्याने मांडली, आणि संगणकाच्या बाजूचा सेनापती फळी मोडून सैरावैरा धावत असे तो बऱ्याच अंशी शहाणा केला. मूळ खेळातील लढाई आणि या संस्करणातील लढाई शेजारी ठेवून पाहणाऱ्यास फरक सांगावा लागत नाही. युद्धवर्णनाचा संस्कर्ता म्हणून थोमादिस यांची योग्यता मोठी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परंतु युद्धवर्णन म्हणजे इतिहास नव्हे, आणि येथेच प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा सुरू होतो.

या खेळात मराठ्यांच्या फौजेत 'बारगीर इन्फन्ट्री' या नावाचे बंदूकधारी पायदळ आहे. बखरींचा अभ्यास केलेल्या कोणाही वाचकाला हा शब्दप्रयोग वाचून क्षणभर थबकावे लागेल. बारगीर हा पायदळातला नव्हेच. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार. सभासदाने पागेची रचना सांगताना पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी चढती उतरंड दिली आहे. हा भेद केवळ लष्करी नाही. घोडा कोणाचा, या प्रश्नात निष्ठा कोणाशी, हा प्रश्न दडलेला आहे. शिवाजी महाराजांनी पागेचे बळ शिलेदारांहून वरचढ राहील अशी जी व्यवस्था केली, तिच्यामागचे कारण या दोन शब्दांतच सांगितलेले आहे. घोडा काढून घेतला की बारगीर या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

या शब्दाचा प्रवासही मोठा उद्बोधक आहे. १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या आणि बंगाली लोकमानसात 'बर्गी' हा शब्द धास्तीचा म्हणून कायमचा रुजला. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात त्या धामधुमीचे वर्णन आहे. बंगालात शब्दाचा उच्चार बदलला, अर्थाची छटा काळवंडली, पण घोडा सुटला नाही. बर्गी आला तो घोड्यावरूनच आला. इंग्रजी खेळात पोहोचेपर्यंत मात्र तो पायउतार झाला. शत्रूच्या स्मृतीने जे जपले ते आपल्या बाजूने लढू देणाऱ्या खेळाने गमावले, हा या पाठभेदाचा विरोधाभास आहे.

हा मुद्दा पंडिती वाटेल म्हणून एक अनुभव नोंदवितो. पदव्युत्तर वर्गात बखरवाङ्मय शिकवीत असता बारगीर व शिलेदार यांतील भेद विचारला, तेव्हा एका चांगल्या विद्यार्थ्याने बारगीर म्हणजे बंदूक घेऊन रांगेत उभे राहणारे शिपाई, असे ठामपणे सांगितले. चौकशी केली तेव्हा उत्तराचा आधार हा खेळ निघाला. सभासद त्याने अद्याप उघडला नव्हता. खेळ मात्र कित्येक महिने खेळला होता, आणि तोही 'सुधारलेल्या' स्वरूपात. मूळ खेळावर त्याने कदाचित शंकाही घेतली असती. संस्करण अधिक ऐतिहासिक आहे अशी ख्याती असल्यामुळे त्यातल्या शब्दावर त्याचा विश्वास अधिक बसला. संस्कर्त्याने ज्या जागी हात लावलेला नसतो त्या जागेलाही त्याच्या दुरुस्तीची पत मिळते. पाठचिकित्सकांना हा धोका जुनाच परिचयाचा आहे : विद्वान शुद्धिकाराच्या प्रतीत राहून गेलेला अपपाठ सर्वांत चिवट ठरतो.

डार्थमॉडचे लक्ष शब्दाकडे नव्हते, लढाईच्या वर्तनाकडे होते. 'युरोपा बार्बारोरम'च्या संस्कर्त्यांनी केल्टिक नावासाठी जी चिकाटी दाखविली ती मराठी नावासाठी कोणी दाखवावी? तसे कोणी करू म्हणेल तर सोयीचा शब्द हाताशी आहे, असे प्रथमदर्शनी वाटते : गारदी. कवायती बंदूकधारी पायदळासाठी मराठी कागदपत्रांत तोच रुळलेला आहे, आणि पानिपतावरील इब्राहिमखान गारद्यामुळे तो सर्वपरिचितही आहे. पण खेळ सुरू होतो १७०० मध्ये. दख्खनेत फ्रेंचांनी कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्या धर्तीचे गारदी मराठी फौजांत आले, ते शतकाच्या मध्यानंतर. महादजी शिंद्यांचे कंपू तर त्याहूनही अलीकडचे. म्हणजे पहिल्या पन्नास वर्षांसाठी हशम किंवा प्यादे, नंतर गारदी, शेवटी कंपू, असे कालानुसार तीन पाठ द्यावे लागतील. एका शब्दाची शुद्धी करू गेल्यास तिच्या मागोमाग कालक्रम येतो.

४

शब्द दुरुस्त करता येतो. व्याकरणाचे काय?

येथे 'व्याकरण' हा शब्द खेळाच्या मूलभूत नियमांच्या अर्थाने घेतला आहे. इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खेळ आपले म्हणणे चित्रांतून वा शब्दांतून जितके मांडतो त्याहून अधिक नियमांतून मांडतो. 'एम्पायर'चे नियम पाहू. भूमी प्रांतांत विभागलेली आहे. प्रत्येक प्रांताला एक राजधानी आहे. राजधानी ज्याच्या ताब्यात त्याचा प्रांत, आणि प्रांताचा सारा महसूल त्याचाच. नकाशावर प्रत्येक तुकड्याला एकच रंग.

आता १७०० हे वर्ष घ्यावे. जिंजी दोन वर्षांपूर्वी पडलेली आहे. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू होतो आणि राज्याची सूत्रे ताराबाईंकडे येतात. एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती जातो. पुढच्या काही वर्षांत पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक किल्ले बादशहा घेत जातो आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावतो, तेव्हा मुलूख त्याच्या हाती नसतो. किल्ला गेला, राजधानी गेली, राजा गेला, तरी राज्य गेले नाही. हे सारे खेळाच्या व्याकरणात लिहिताच येत नाही. तेथे साताऱ्यासारखी राजधानी पडली की प्रांताचा रंग पालटतो आणि प्रकरण संपते. ज्या वर्षापासून खेळ आरंभ होतो नेमके तेच वर्ष त्याच्या नियमाला अपवाद आहे. शिवाय 'कॉन्फेडरसी' ही संज्ञा ज्या संघात्मक व्यवस्थेला लावतात ती शाहू महाराजांच्या सुटकेनंतर, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाला पेशवाई मिळाल्यानंतर हळूहळू आकारास आली. १७०० मध्ये तिचे नाव घेणे हा कालविपर्यासच.

चौथाई आणि सरदेशमुखीचे उदाहरण याहून बोलके आहे. १७१९ मध्ये दिल्लीहून ज्या सनदा मिळाल्या त्यांनी दख्खनच्या सहा सुभ्यांत मराठ्यांना वसुलीचा हक्क दिला. सुभे मात्र मोगलांचेच राहिले. एकाच गावाच्या उत्पन्नात दोन सत्तांचा वाटा, आणि त्यांच्या खाली देशमुख, देशपांडे, पाटील यांची वतने. आंद्रे विंक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा उलगडा याच आच्छादित हक्कांच्या आणि 'फितव्या'च्या अंगाने केला आहे. एका तुकड्याला एकच रंग देणाऱ्या नकाशावर हा इतिहास उमटणे शक्य नाही. युरोपातील सलग सरहद्दींच्या राज्यांसाठी बेतलेला अंगरखा येथे चढविला आहे आणि तो जिथे आखूड पडतो तिथे आपला इतिहासच कापला गेला आहे.

डार्थमॉड यातले काहीच बदलत नाही. बदलू शकतही नव्हते. या खेळाचा नकाशा चाहत्यांना तक्त्यांसारखा उघडता येत नसे, आणि प्रांतांच्या मालकीचा नियम तर खेळाच्या गाभ्यात आहे. म्हणून त्यांनी जे हाती होते ते उत्तम केले. धूर दाट झाला, गोळीबार खरा वाटू लागला, पळणारी पलटण माणसांसारखी पळू लागली. यातून एक विलक्षण परिणाम होतो. पृष्ठभागाचे वास्तव जितके पटणारे होते तितका खालचा नियम अदृश्य होतो, आणि खेळणाऱ्याच्या मनात तो नियम इतिहास म्हणून ठसतो.

हे जेथे बसून लिहितो आहे त्या मीरा-भाईंदरच्या परिसराचेच पाहा. शहराच्या पूर्वेस घोडबंदरचा किल्ला आहे. पश्चिमेस उत्तनकडे चौक येथे धारावीचा किल्ला, खाडीच्या तोंडाशी, वसईच्या समोर. १७३७ मध्ये ठाणे घेऊन मराठ्यांनी साष्टीत पाय रोवला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. दरम्यान धारावीसाठी दोन्ही पक्ष झगडले, कारण ते ठाणे ज्याच्या हाती त्याच्या नजरेखाली खाडीची वाट. पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठिकाण वसई होते. खेळातील हिंदुस्थानात पोर्तुगीजांकडे गोवा आहे. उत्तर प्रांत नाही, वसई नाही, साष्टी नाही. ज्या मोहिमेने पश्चिम किनाऱ्यावरील एका युरोपीय सत्तेचे कंबरडे मोडले ती मोहीम त्या नकाशावर होऊच शकत नाही. आणि वसई नकाशावर आणली तरी खेळातील एक खेळी सहा महिन्यांची. फेब्रुवारी ते मे १७३९ हा अखेरचा वेढा, त्यातील सुरुंग, खिंडारे, परतवलेले हल्ले, हे सारे एका खेळीच्या पोटात गडप होईल.

५

यावर असा आक्षेप येईल की, बखरकारही याहून निराळे काय करीत होते? त्यांनीही आपल्या साच्यात न बसणारे टाकून दिलेच. आक्षेप रास्त आहे, आणि तुलना येथेच फलदायी होते.

चिटणीसाने सभासदाचा विस्तार केला, प्रसंग वाढविले, भाषेला दरबारी डौल दिला. परंतु अवतारी पुरुष, देवीचा प्रसाद, राज्याभिषेक ही चरित्राची घडण कायम ठेवली. शब्द बदलला, व्याकरण टिकले. '९१ कलमी' बखरीचे निरनिराळे पाठ वि. स. वाकसकरांनी एकत्र मांडले, ते चाळतानाही हाच अनुभव येतो : कलमे मागेपुढे होतात, नावे बदलतात, कलमांची चौकट मोडत नाही. या मर्यादेत डार्थमॉड आणि चिटणीस एकाच कुळातले आहेत.

महिकावतीची बखर मात्र वेगळी आहे, आणि ती आपल्या याच भूभागाची, उत्तर कोकणाची बखर आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ती संपादून प्रसिद्ध केली. तिची सहा प्रकरणे एका हातची नाहीत, एका काळचीही नाहीत. सर्वांत जुना भाग शके १३७० मधला, केशवाचार्याचा, आणि पुढची प्रकरणे नंतरच्या पिढ्यांनी जोडलेली, काही गद्यात तर काही पद्यात. राजवाड्यांनी आपल्या दीर्घ प्रस्तावनेत हे थर सुटे करून दाखविले. महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे जोडणारा प्रत्येक हात केवळ भर घालीत नाही. कोठे बिंब राजाच्या वंशाची कथा आहे, कोठे जातिकुळांच्या व वतनांच्या नोंदी, कोठे बुडत्या धर्माची चिंता. ग्रंथ कशासाठी आहे, याचेच उत्तर थराथराला बदलते. हे व्याकरण बदलणारे संस्करण होय. राज्यकर्ते बदलले, हक्क कोणापुढे सिद्ध करावयाचा हे बदलले, तेव्हा जुन्या चौकटीत नवे शब्द बसविणे लिहिणाऱ्यांना पुरेसे वाटले नाही.

चाहत्यांच्या संस्करणांचे मूल्यमापन करताना हा भेद मोजपट्टीसारखा वापरता येतो. 'युरोपा बार्बारोरम' शब्दांच्या पातळीवर फार दूर जाते आणि नियमांनाही वळण देऊ पाहते. डार्थमॉड लढाईच्या नियमांत क्रांती करते, राज्याच्या नियमांना स्पर्श करीत नाही. 'फर्गॉटन एम्पायर्स' जुन्याच नियमांत नवी नावे आणते. तिघांनाही 'अधिक ऐतिहासिक' हे एकच विशेषण सर्रास लावले जाते, त्यामुळे ते निरुपयोगी झाले आहे.

६

अभ्यासाच्या सोयीविषयी थोडे. नकलनवीस आपण काय बदलले ते सहसा सांगत नाही. मॉडचा कर्ता सांगतो. प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी असते, कोणाची कामे समाविष्ट केली त्यांची नावे असतात. पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेचेच हे विस्तृत रूप होय. काशिनाथ नारायण साने यांनी १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रहा'त बखरी छापावयास घेतल्या तेव्हा अशी यादी एकाही पोथीबरोबर मिळाली असती तर त्यांचे कितीतरी श्रम वाचले असते. दुसरीकडे, या संहिता पोथ्यांपेक्षाही नाशवंत आहेत. मूळ खेळाच्या कंपनीने नवी दुरुस्ती काढली की जुने संस्करण चालेनासे होते. नवी आवृत्ती आली की आधीची जपून ठेवण्याचे कोणाला कारण उरत नाही. कुलवृक्ष मांडावयाचा तर मधल्या फांद्या आजच गळालेल्या आढळतात. विद्यापीठीय ग्रंथालयांनी मराठ्यांशी संबंधित संस्करणांच्या तरी आवृत्त्या, त्यांच्या बदल-याद्यांसह, संग्रहात घ्याव्यात.

आणि उद्या कोणी मराठी तरुणांनी वसईच्या मोहिमेचे संस्करण करावयाचे ठरविलेच, तर साधनांची वाण नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या 'पेशवे दप्तरा'च्या पंचेचाळीस खंडांत या मोहिमेचा पत्रव्यवहार आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरातून काढलेली साधने आहेत. साष्टीची बखर म्हणून ओळखले जाणारे लेखन आहे. ही साधने वाचणाऱ्यास पहिल्याच आठवड्यात कळेल की, बंदुकीच्या पल्ल्यापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी बसवावे लागेल. खेळी सहा महिन्यांची न ठेवता पंधरवड्याची करावी लागेल, धारावी व घोडबंदर ही प्रांतांशिवायची ठाणी म्हणून मांडावी लागतील, रसद होड्यांतून येईल, आणि गावाचा वसूल कोणाकडे जातो या रकान्यात एकापेक्षा अधिक नावे लिहिण्याची सोय करावी लागेल. त्या तक्त्यात बारगिराला त्याचा घोडा परत देणे हे त्यातले सर्वांत सोपे काम.